आवाज करू द्या त्यांना!

मुलांच्या परीक्षा संपतात आणि आयांची परीक्षा सुरू होते. दिवसभर घरात असणाऱ्या या मंडळींचं करायचं काय? सकाळच्या वर्तमानपत्रातून छंदवर्गांची रंगीत पत्रकं पडायला लागतात. चित्रकला, कराटे, सुंदर हस्ताक्षर, कीबोर्ड. ज्या घराला परवडतं तिथे नाव घातलं जातं, ज्या घराला परवडत नाही तिथे मुलाच्या हातात मोबाईल दिला जातो. आणि दोन्ही घरांत दुपारी एकच वाक्य ऐकू येतं, ‘आवाज करू नका रे, जरा पाठ टेकू द्या!’

खरं तर आवाज करणं हे मुलांचं पहिलं शिक्षण असतं. वर्षभराचं बाळ ओट्याजवळ बसून चमचा ताटावर आपटतं. मग तोच चमचा फरशीवर आपटतं, मग डब्यावर, मग शेजारी बसलेल्या आजीच्या गुडघ्यावर. आपल्याला तो वैताग वाटतो, पण बाळ शोध घेत असतं. इथे टणटण वाजतं, इथे ठकठक वाजतं आणि आजीच्या गुडघ्यावर नुसतं ‘अगं बाई’ वाजतं! आपण काय करतो? चमचा काढून घेतो. मग तेच मूल आठ वर्षांचं झालं की पैसे साठवून कीबोर्ड आणतो, क्लास लावतो आणि तक्रार करतो, ‘याला गोडीच नाही हो संगीताची!’

त्यात मुलगी असेल तर विचारूच नका. मुलानं पातेलं बडवलं तर ‘मोठा तबलजी होणार’ म्हणून कौतुक, आणि मुलीनं बडवलं तर ‘भांडी वाजवू नयेत, घरात भांडणं होतात.’ मैत्रिणींनो, आठवून पाहा, आपल्या लहानपणी आपल्याला सगळ्यात जास्त वेळा काय सांगितलं गेलं? हळू बोल. हळू हस. पाय वाजवू नकोस. आबान मिस्त्री, अनुराधा पाल यांच्यासारख्या स्त्रियांनी तबल्यावर नाव कमावलं, तरी अजूनही छोट्या गावात तबल्याच्या क्लासला मुलगी घालायची म्हटलं की घरात आधी चर्चा होते. पेटी चालेल, गाणं चालेल, पण तबला?

म्हणूनच या सुट्टीत एक साधी गोष्ट करावी असं सुचवावंसं वाटतं. कुठला क्लास नको, खर्च नको. घरातल्या वस्तूंतून मुलांबरोबर वाद्यं तयार करायची, आणि ती त्यांना मनसोक्त वाजवू द्यायची. मुलग्यांना आणि मुलींना, दोघांनाही.

हे काही कुठून बाहेरून आलेलं खूळ नव्हे. मंगळागौर आठवा. त्या रात्री आपल्या आज्यांच्या हातात कुठली वाद्यं होती? सूप, लाटणं, तांब्या, घागर. दिवसभर ज्या वस्तूंनी राबायचं त्याच वस्तू रात्री हातात घेऊन नाचायचं, त्यांच्यावर ताल धरायचा. नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकण्याची प्रथा अनेक घरांत आहे. घागरीच्या तोंडावर तिरकी फुंकर घातली की आतून जो घुमारा उठतो तो अंगावर काटा आणतो. बासरीचं शास्त्र वेगळं ते काय असतं? पोकळीतली हवा थरथरते आणि वाजते. आपल्या बायकांनी ते कुठल्याही पुस्तकाशिवाय ओळखलेलं होतं.

आणि जातं? पहाटेच्या अंधारात त्याची एकसुरी घरघर म्हणजे तंबोराच की. त्या आधारावर बायका ओव्या रचत गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं वाचायला आणि ऐकायला मिळू लागल्या. ज्यांना कुणी कधी गायिका म्हटलं नाही, त्यांचं हे गाणं. वाद्याला पैसे लागतात हे आपल्या मनात कधी शिरलं कोण जाणे!

लोकवाद्यांकडे पाहा. गोंधळात, पोवाड्यात, लावणीत मागे किणकिणणारं तुणतुणं म्हणजे एक पोकळ नळकांडं, तळाला ताणून बसवलेलं कातडं, एक काठी आणि एक तार. वारली लोकांचा तारपा वाळलेल्या दुधी भोपळ्यातून, बांबूतून आणि ताडाच्या पानातून उभा राहतो. मिरजेच्या ज्या सतारी आणि तंबोरे मोठमोठ्या कलावंतांच्या मांडीवर विसावतात, त्यांचा तुंबाही भोपळाच असतो. पंढरपूर-मंगळवेढा भागात त्यासाठी खास भोपळे पिकवतात. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ज्याचा मान जगात, त्याचं मूळ शेतातल्या वेलावर. मुलांना हे सांगितलं की त्यांच्या हातातल्या खोक्याकडे ती वेगळ्या नजरेनं बघायला लागतात.

आता प्रत्यक्ष कामाला लागू या.

सुरुवात खुळखुळ्यापासून. औषधाच्या किंवा पावडरच्या रिकाम्या डब्या धुऊन वाळवून घ्या. प्रत्येकीत वेगळं काही घाला. एकीत तांदूळ, एकीत ज्वारी, एकीत वाल, एकीत रवा. डबी एक तृतीयांशच भरायची, कारण गच्च भरली की आतल्या दाण्यांना उडायला जागा राहत नाही आणि आवाज मरतो. झाकणाला चिकटपट्टी घट्ट लावा. मग खेळ असा: प्रत्येक धान्याच्या दोन-दोन डब्या करायच्या, सगळ्या मिसळायच्या आणि डोळे मिटून फक्त आवाजावरून जोड्या लावायच्या. मोठ्यांनीही करून पाहावं. ज्वारी आणि तांदूळ यांत भलेभले फसतात, पण सात-आठ वर्षांची मुलं थोड्या सरावानंतर बरोबर ओळखतात.

दुसरा, जलतरंग. चिनी मातीच्या चार-पाच वाट्या किंवा काचेचे पेले घ्या. खाली घडी घातलेला टॉवेल पसरा म्हणजे आवाज घुमतो. प्रत्येकात कमी-जास्त पाणी घाला आणि पेन्सिलीनं किंवा लाकडी पळीच्या दांड्यानं काठावर हलकेच वाजवा. पाणी जास्त तितका स्वर खाली, पाणी कमी तितका स्वर वर. सात स्वर जुळलेच पाहिजेत असा हट्ट नको. तीन-चार वाट्या जुळल्या तरी मुलं त्यावर काहीतरी चाल बसवतात. जुळवताना मुलांच्या हातात एक चमचा आणि पाण्याचा तांब्या द्या आणि आपण बाजूला व्हा. एक चमचा पाण्यानं स्वर किती हलतो हे त्यांच्या त्यांना कळू दे.

याच्याच जोडीला एक गंमत. काचेच्या बाटलीत पाणी घाला आणि तोंडावर तिरकी फुंकर मारा, घागर फुंकतात तशी. आता पाणी वाढवत जा. इथे उलटं होतं! पाणी वाढलं की स्वर वर चढतो. तेच पाणी वाटीत स्वर उतरवतं आणि बाटलीत चढवतं, असं का? लगेच उत्तर देऊ नका. दोन दिवस डोकी खाजवू द्या. मग सांगा की वाटी वाजवताना वाटीची भिंत थरथरते आणि पाण्याच्या ओझ्यानं ती थरथर संथ होते. फुंकर घालताना मात्र आतली हवा थरथरते, आणि पाणी वाढलं की हवेला उरलेली जागा कमी होते. विज्ञानाच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे हातातून आत जातं.

तिसरा, रबराचा तंबोरा. मिठाईचा किंवा बुटांचा खोका घ्या. झाकण काढा आणि त्यावर जाड-बारीक रबर बँड ताणून बसवा. एका बाजूला रबरांखाली पेन्सिल सरकवा. ही झाली तंबोऱ्याची घोडी. आधी नुसता रबर बँड दोन बोटांत ताणून छेडून दाखवा, जेमतेम ऐकू येतो. तोच खोक्यावर चढवला की घुमतो. तंबोऱ्याला भोपळा कशाला लागतो, हे सांगायची मग गरज उरत नाही. बारीक आणि ताणलेलं रबर उंच बोलतं, जाड आणि सैल रबर खर्जात.

चौथा, ढोल. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, त्याची धार आधी तपासून हातोडीनं ठोकून घ्या. तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून दोरीनं आवळा. पंक्चरवाल्याकडे असा तुकडा सहज मिळतो. नाहीतर गव्हाच्या पिठाची खळ करून कागदाचे चार-पाच थर एकावर एक चिकटवा आणि उन्हात वाळू द्या. वाळला की कागद ताणतो आणि छान बोलतो. फाटला तर दुसरा लावायचा. शिवाय नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटल्या की घोडा दौडतो, किसणीवर चमचा ओढला की बेडूक ओरडतो, आणि सोड्याच्या बाटलीची पत्र्याची बुचं ठोकून, भोक पाडून तारेत ओवली की झांजेसारखं काहीतरी तयार होतं. ठोकण्याचं आणि भोक पाडण्याचं काम मात्र मोठ्यांनी करायचं.

पाचवी, पिपाणी. पावसाळ्याच्या तोंडाला उकिरड्यावर रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून वाजवायची, हे आपल्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. पानाची सुरळी करून वाजवायचीही सवय होती. हल्लीच्या मुलांना हे ठाऊकच नाही, तेव्हा ही विद्या त्यांना द्याच. शीतपेयाच्या नळीचीही पिपाणी होते. एक टोक चपटं करायचं, त्याचे दोन्ही कोपरे कात्रीनं तिरके उडवायचे आणि ओठांत धरून जोरात फुंकायचं. प्लॅस्टिकच्या नळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे आता कागदी नळी घ्यायची. ती ओली होऊन मऊ पडायच्या आत वाजवून घ्यायची एवढंच. वाजवता वाजवता दुसरं टोक कात्रीनं थोडं थोडं कापत गेलं की स्वर चढत जातो आणि मुलं हसून लोळतात. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंची अशी कितीतरी खेळणी मुलांपर्यंत नेली. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा ‘हे काय कचऱ्यात खेळणं’ असं म्हणणाऱ्यांना हे नाव जरूर सांगा!

वाद्यं झाली, आता ताल. त्यासाठी तबला यायला हवा असं नाही. स्वयंपाकघरातले शब्द घ्या. ‘पो-ळी-भा-जी’ म्हणत अक्षरागणिक एक टाळी द्या, चार मात्रा झाल्या. दोनदा म्हटलं की केहरव्याच्या आठ. ‘भा-क-री, आ-म-टी’ म्हटलं की तीन-तीनचे दोन भाग, दादऱ्याच्या सहा मात्रा. एकानं पोळीभाजी धरायची, दुसऱ्यानं भाकरी-आमटी, आणि कोण कुणाच्या तालात वाहून जातं ते बघायचं. जेवायची वेळ कधी झाली ते कळत नाही.

आमच्या महिला मंडळानं वस्तीतल्या मुलांसाठी हा उपक्रम केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या दिवशी प्रत्येकाला सगळ्यात मोठा आवाज हवा असतो. डब्याच्या ढोलावरून मारामारी होते, कान किटतात, ‘कुठून हे काढलं’ असं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीतरी बदलतं. एक मुलगी रबराचा खोका कानाशी धरून कोपऱ्यात जाऊन बसली. बाकीचे ढोल बडवत होते तेव्हा तीच ओरडली, ‘गप बसा ना, मला माझं ऐकू येत नाही!’ आणि आश्चर्य म्हणजे ती पोरं थांबली. मग एकेकानं येऊन खोक्याला कान लावला. ‘गप्प बसा’ हे आम्ही दोन दिवस सांगत होतो, कुणी ऐकलं नव्हतं. तिनं सांगितलं तेव्हा ऐकलं, कारण आता ऐकण्यासारखं काही होतं.

मला वाटतं, सगळ्यात महत्त्वाचं हेच. आज आपल्या गावांत मुलांच्या कानांवर काय पडतं? वरातीत डीजेच्या भिंती, मिरवणुकीत छातीत धडकणारे ठोके, घरात टीव्ही आणि मोबाईल एकाच वेळी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच झाले. त्यांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती किती पाळली जाते ते आपण खिडकीत उभं राहून दर सणाला ऐकतो. मोठा म्हणजेच चांगला, हे मुलांच्या मनात पक्कं बसत चाललंय. ज्यानं एका चमच्यानं वाटीतला स्वर हलताना ऐकलाय, ते मूल उद्या डीजेसमोर कानांवर हात ठेवेल, निदान ‘आवाज कमी करा’ म्हणेल. आवाज करू दिलेल्या मुलालाच पुढे शांततेची किंमत कळते. उलट ज्याला सतत गप्प बसवलं, ते संधी मिळताच सगळ्यात मोठ्या भोंग्याच्या मागे धावतं.

आता अडचणी. त्या आहेत, नाही म्हणून चालणार नाही. सासऱ्यांची वामकुक्षी असते, शेजारी नाक मुरडतात, घरभर तांदूळ सांडतात. यावर उपाय म्हणजे वेळ ठरवणं. दुपारी चार ते पाच वाजवायची वेळ, बाकीचा वेळ बनवायचा आणि जुळवायचा. सांडलेलं मुलांनीच उचलायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून. धान्य वाया जाऊ नये म्हणून निवडलेलं, किडकं किंवा चाळणीत राहिलेलं घ्यावं. घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर मात्र फार जपा. सुटे दाणे, फुगे, रबर बँड त्याच्या हाती पडता कामा नयेत. त्याला पक्क्या झाकणाची डबी आणि लाकडी चमचा पुरे.

‘पण यातून काय मिळणार? सर्टिफिकेट आहे का, परीक्षा आहे का?’ असंही विचारलं जातं, बहुतेक वेळा वडिलांकडून. तर त्यांना आठवण करून द्या. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता हेच सगळे बाबा गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजवत होते, आणि किती खूश होते! तेव्हा कुणी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं. एकत्र वाजवण्यात एक सुख असतं, ते घराला मिळायला नको का? हातोडी-खिळ्याचं काम त्यांच्याकडे द्या, बघा कसे रमतात.

क्लास वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. गुरूशिवाय गाणं येत नाही हे खरंच आहे. पण क्लासला जाण्याआधी मुलाच्या कानाला आवाजाची आणि हाताला तालाची ओढ लागलेली असेल तर गुरूचंही काम सोपं होतं. आणि जे कधीच क्लासला जाऊ शकणार नाहीत, त्यांना संगीत ही आपली गोष्ट नव्हे असं वाटायला नको. धुणंभांड्याला येणाऱ्या ताईंची मुलंही त्या एका तासात आपल्या मुलांशेजारी बसू देत. करवंटीला कुणाचं घर मोठं, कुणाचं लहान, ते कळत नाही.

शेवटचं सांगणं तुम्हालाच. मुलांना साहित्य देऊन स्वतः ओट्याकडे वळू नका. वस्तीतल्या त्या कार्यक्रमात मुलाला न्यायला आलेली एक आई सहज म्हणून कळशी उचलून फुंकायला बसली. पहिल्या दोन फुंकरा वाया गेल्या, तिसरीला घुमारा उठला. तिचा मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. आईला असं काही येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपल्यापैकी कितीजणींची पेटी माहेरच्या माळ्यावर पडून आहे, कितीजणींनी लग्नानंतर ‘आता कुठे वेळ’ म्हणून गुणगुणणंही सोडलंय. मुलांना आवाज करू द्या, आणि त्यांच्यात बसून थोडा आपलाही करा. घर काही पडत नाही!